फी ठरवताना न आलेल्यांनाही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहराचा जलतरण तलाव, बॅडमिंटनचा हॉल, मुलांचा समर कॅम्प, ज्येष्ठांचे योगवर्ग, यांच्या फीचा विषय निघाला की पत्रं ठरलेलीच येतात. एक गट म्हणतो आम्ही टॅक्स भरतो मग वर परत फी कसली, सगळं फुकट पाहिजे. दुसरा म्हणतो जो पोहतो त्याने भरावेत, मी पाण्यात पायसुद्धा घालत नाही तर माझ्या टॅक्समधून दुसऱ्याची हौस का भागवायची. दोघांचंही थोडं थोडं पटतं म्हणून वाद काही मिटत नाही, आणि शेवटी होतं काय तर हिशेब खात्यातलं कोणीतरी मागच्या वर्षीचा आकडा घेतं, त्यावर काही टक्के चढवतं आणि नवीन दरपत्रक भिंतीवर लागतं. मला जरा वेगळं विचारायचंय. जे येतात त्यांची नोंद रजिस्टरमध्ये असते, पावतीपुस्तकात असते. जे दरपत्रक वाचून गेटवरूनच परत फिरले, किंवा शेजाऱ्याकडून फी ऐकूनच घरातून निघाले नाहीत, त्यांची नोंद कुठे असते? कुठेच नाही. आणि फीचा सगळ्यात जास्त परिणाम तर त्यांच्यावरच होतो.

आधी खर्चाचं बघू, कारण फीवाढीच्या वेळी पहिल्यांदा तोच पुढे करतात. माणशी खर्च एवढा येतो आणि आपण घेतो फक्त एवढे, असं सांगतात. हा माणशी खर्च काढतात कसा, तर वर्षाचा एकूण खर्च भागिले आलेली माणसं. आता तलावाचा खर्च असतो कशाकशाचा बघा, पंप आणि फिल्टर चालू ठेवावे लागतात, क्लोरीन टाकावंच लागतं, पाणी तपासावं लागतं, लाइट, साफसफाई, गेटवरचा माणूस, आणि लाइफगार्ड तर पाण्यात एकच पोरगं असलं तरी काठावर उभा पाहिजे. पाच जण पोहोत नाहीतर पन्नास, यातलं बहुतेक सगळं तेवढंच राहतं. मग फी वाढवली, थोडे लोक गळाले, खर्च आहे तेवढाच, भागायला माणसं कमी, की माणशी खर्च आपोआप वाढला, आणि पुढच्या वर्षी तोच वाढलेला आकडा दाखवून परत फीवाढ. कागदावर प्रत्येक पायरी बरोबर दिसते, कोणी खोटं बोलत नाही, आणि तरी तलाव रिकामा होत जातो.

हे काही आजचं शहाणपण नाही. ज्यूल द्युप्युई म्हणून एक फ्रेंच इंजिनिअर होता, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यातला, त्याने १८४४ सालीच पुलावरच्या टोलबद्दल लिहून ठेवलंय. पूल एकदा उभा राहिला की आणखी एक माणूस त्यावरून गेला म्हणून वेगळा खर्च जवळपास काही येत नाही, पण टोल बघून जो जातच नाही त्याचा फायदा बुडतो, आणि तो बुडालेला फायदा टोलवाल्याच्या खिशातही जात नाही, नुसता वाया जातो. भर दुपारी अर्धा रिकामा असलेला तलाव हे त्याचंच उदाहरण आहे. तिथे फी परवडत नाही म्हणून बाहेर राहिलेल्या मुलामुळे शहराचा एक पैसाही वाचत नाही.

अर्थात सगळ्या कार्यक्रमांना हे लागू होत नाही. चित्रकलेच्या शिबिरात प्रत्येक मुलामागे कागद लागतो, रंग लागतात, आणि एका शिक्षकाला जेवढी मुलं झेपतात त्यापेक्षा एक जरी जास्त झालं तरी दुसरा शिक्षक बघावा लागतो, तिथे माणशी खर्च हा खरोखरचा खर्च आहे. म्हणून सरसकट सगळ्याला अमुक टक्के वाढ हा प्रकारच मला चुकीचा वाटतो. तलावाची गोष्ट वेगळी, शिबिराची वेगळी, आणि मैदान लग्नाला भाड्याने देणं तर त्याहून वेगळं, तिथे बिनधास्त पूर्ण बाजारभाव लावा, माझी काही हरकत नाही. कोर्ट बुक करून तिथे स्वतःच्या खाजगी बॅचेस चालवणाऱ्या कोचकडूनही पूर्ण घ्या, तो धंदा करतोय.

गर्दीच्या वेळेचं मात्र वेगळं आहे. सकाळी सहा ते आठ तलावात हात मारायला जागा नसते, एक जण आत आला की दुसरा वेटिंग लिस्टवर जातो. तिथे जास्त फी लावायला कारण आहे, कारण ज्यांना दुपारी जमू शकतं ते दुपारी सरकतील आणि सकाळी जागा होईल. निवृत्त लोकांना दुपारी स्वस्त पास दिला तर कितीतरी जण खुशीने येतील. (सगळे नाही, काहींना सकाळी पोहण्यापेक्षा पोहून झाल्यावरच्या गप्पा महत्त्वाच्या असतात, तो भाग वेगळा.) पण यात एक गोम आहे. वेळ बदलण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते. ज्याची ड्युटी ठरलेली आहे, ज्याला सुट्टी मागितली तर पगार कापला जातो, त्याच्यासाठी सकाळची वेळ ही चैन नाही, तेवढीच त्याच्याकडे आहे. त्यामुळे गर्दीच्या वेळेचा जादा दर लावायचा तर त्या वेळेतही काही जागा कमी दराच्या राखूनच लावा.

आता मुख्य भांडण, कोणाच्या टॅक्समधून कोणाची हौस. याला उत्तर अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच शहरांनी एका पिरॅमिडच्या रूपात शोधलंय आणि ते मला तरी पटतं. सगळ्यात खालच्या रुंद थरात अशा गोष्टी ज्यांचा फायदा सगळ्या शहराला होतो, उघडी बाग, खेळाचं मैदान, मुलांना पाण्यात सुरक्षित राहायला शिकवणं, यांचा खर्च बहुतेक सगळा टॅक्समधून. जसजसं वर जाल तसतसा फायदा त्या एका माणसापुरता होत जातो आणि फीचा वाटा वाढत जातो, आणि टोकाला म्हणजे एकट्यासाठीचं पर्सनल कोचिंग, त्याने पूर्ण खर्च द्यावा, वर थोडे जास्तही द्यावेत. म्हणजे टॅक्स की फी असा एकच निकाल सगळ्याला लावायचा नाही, प्रत्येक कार्यक्रमाची पायरी आधी जाहीरपणे ठरवायची आणि मग आकडा काढायचा.

मुलांच्या पोहण्याचं घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास निम्मी तीस वर्षांच्या आतली होती. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा ही त्या संघटनेचीच शिफारस आहे. हे एकदा मान्य केलं की मुलांचा बेसिक पोहण्याचा वर्ग आणि मोठ्यांची ॲडव्हान्स बॅच एकाच दरपत्रकात एकाच हिशेबाने बसवता येत नाहीत. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम ३१ तर मुलांच्या खेळण्याच्या आणि विश्रांतीच्या हक्काबद्दलच आहे, आणि तो करार जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मान्य केलाय.

पिरॅमिडमध्ये चलाखी करायला जागा भरपूर आहे हेही सांगतो. एक म्हणजे कुठला कार्यक्रम कुठल्या पायरीवर हे मीटिंगला जे येतात ते ठरवतात, आणि मीटिंगला टेनिसवाले येतात, झाडलोटीची ड्युटी करून घरी चाललेली बाई येत नाही. दुसरं म्हणजे खर्चात काय काय धरलंय ते बघावं लागतं. कोचचा पगार, क्लोरीन, साहित्य हे सरळ आहे, पण त्यात मुख्य ऑफिसातल्या साहेबांचा पगार, गाड्या, वकिलाची फी असं सगळं थोडं थोडं वाटून टाकलं की योगवर्गसुद्धा तोट्यात दाखवता येतो. म्हणून कुठला खर्च धरला आणि कुठला नाही हे दरपत्रकासोबत छापलं पाहिजे, नाहीतर खर्चवसुली अमुक टक्के या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

मग येतो तो आवडता मुद्दा, फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही. हे इतक्या खात्रीने बोललं जातं की कोणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. केनियात हे तपासून बघितलं होतं, विषय मच्छरदाणीचा होता पण प्रश्न हाच. दवाखान्यात आलेल्या गरोदर बायकांना काही ठिकाणी मच्छरदाणी फुकट, काही ठिकाणी अगदी थोड्या किमतीला, असं देऊन बघितलं. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपास यांचा हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. किंमत शून्यावरून फक्त ०.६० डॉलरवर नेली, म्हणजे तरीही भरपूर सबसिडी होतीच, पण घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के बिंदूंनी, म्हणजे शंभरामागे साठ जणींनी, खाली आलं. आणि ज्यांनी फुकट घेतली त्या वापरत नव्हत्या असं काही दिसलं नाही, पैसे देणाऱ्यांइतक्याच वापरत होत्या. मच्छरदाणी आणि समर कॅम्प एक नाही हे मला कळतं, पण नाममात्र फी ठेवू या, त्याने काय फरक पडतो, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा बघावा. ज्याच्याकडे आहेत त्यालाच ती नाममात्र वाटते.

पण सगळं फुकट करा म्हणणाऱ्यांसाठीही एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि ६० वर्षांच्या पुढच्यांना पोहणं फुकट अशी सरकारी योजना चालू झाली, आणि जुलै २०१० मध्ये नवीन सरकारने ती बंद केली. कारण काय दिलं तर फुकट पोहणाऱ्यांमधले बरेचसे आधीपासूनच पोहत होते आणि पैसे देऊनही पोहले असते. म्हणजे वयाची अट सोपी आहे, जन्मतारीख बघितली की झालं, पण पैशाची अडचण वयावर नसते. चांगली पेन्शन असलेल्या आजोबांना सवलत आणि तीन घरची कामं करणाऱ्या पस्तिशीतल्या बाईला पूर्ण दर, हे ज्येष्ठांना वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही. मी स्वतः त्या वयाच्या जवळ आलोय म्हणून बोलायची हिंमत करतो.

मग सवलत गरजूंनाच द्या, असं लगेच कोणीतरी म्हणेल, आणि बरोबर आहे, पण ती देतात कशी ते बघा. उत्पन्नाचा दाखला आणा, त्याची झेरॉक्स, फोटो, पत्त्याचा पुरावा, साहेबांची सही, साहेब उद्या येतील. एक दिवसाचा रोज बुडवून सवलत घ्यायची तर सवलतीपेक्षा बुडालेला रोज जास्त. आणि वर काउंटरवरचा माणूस मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, सवलतीवाले का तुम्ही. मुलाच्या देखत. कितीतरी आई-बाप तिथूनच परत फिरतात आणि मुलाला सांगतात की बॅच फुल झाली होती. मग वर्षअखेरीला रिपोर्ट येतो की सवलतीला मागणीच नाही, तरतूद शिल्लक राहिली, पुढच्या वर्षी कमी करा.

टोरांटो शहरात याचे दोन रस्ते चालवून बघितलेत. काही ठरावीक केंद्रं अशी की तिथले कार्यक्रम येणाऱ्या सगळ्यांनाच फुकट, कोणाला काही विचारायचं नाही, आणि दुसरीकडे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या खात्यावर शहरच ठरावीक रक्कम जमा करतं, त्यातून ते कुठल्याही केंद्रात नाव घालू शकतात. पहिल्यात लाज नाही, फॉर्म नाही, पण बऱ्या वस्तीत राहणारा गरीब त्यातून सुटतो. दुसऱ्यात तो सुटत नाही पण फॉर्म आला. आइसलँडच्या रेकयाविक शहरात ६ ते १८ वयाच्या सगळ्याच मुलांच्या नावाने दरवर्षी एक रक्कम ठेवतात, ती आईवडिलांनी संगीताच्या क्लासला लावायची की फुटबॉलला ते त्यांनी ठरवायचं. यात कोण गरीब कोण श्रीमंत हा प्रश्नच येत नाही, पण क्लासची फी त्या रकमेपेक्षा जास्त असली की वरचे पैसे घरून घालायचे, आणि तिथे परत तीच अडचण. माझं मत विचाराल तर ज्या कुटुंबाची गरज दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेत आधीच तपासून झालीय त्याला परत तपासू नका, तिथलं कार्ड दाखवलं की झालं, आणि पास सगळ्यांचा दिसायला एकसारखाच असू द्या. त्यात दोन-चार जण खोटे घुसतीलही. घुसू देत, त्यांना अडवायला जी माणसं आणि कागद लागतात त्याचा खर्च कोणी काढलाय का?

आणखी एक गोष्ट, जी दरपत्रकात कधीच दिसत नाही. दर कमी ठेवायचा आणि वेळ अशी द्यायची की कोणी येऊच नये. सवलतीची बॅच दुपारी एक वाजता, पाणी बदलायच्या आदल्या दिवशी, कोच नवीन. मी वर ज्याचं नाव घेतलं त्याच द्युप्युईने १८४९ मध्ये रेल्वेबद्दल लिहिलंय की तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसतं ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे, ज्यांना दुसऱ्या वर्गाचे पैसे परवडतात त्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देणं हा हेतूच नसतो, पैसेवाल्याला घाबरवायचं असतं, पण भिजतो गरीबच. आपल्याकडच्या कितीतरी स्वस्त बॅचेस अशाच बिनछपराच्या आहेत. ब्रिटनमध्ये १८४६ साली सार्वजनिक स्नानगृहांचा कायदा झाला तेव्हा हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतं, कारण त्या कायद्यात कष्टकऱ्यांसाठी गार पाण्याच्या आंघोळीला जास्तीत जास्त एक पेनी आणि गरम पाण्याच्या आंघोळीला दोन पेनी एवढंच लिहून थांबले नाहीत, वरच्या दर्जाच्या जेवढ्या न्हाण्या असतील त्याच्या किमान दुप्पट न्हाण्या कष्टकऱ्यांसाठी असल्या पाहिजेत असंही घातलं. दर आणि जागा दोन्ही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे सुचलं ते आजच्या दरपत्रकात का नसावं?

वार्षिक पासबद्दलही थोडं. वर्षाचे एकदम भरा आणि दोन महिने फ्री, ही ऑफर सगळ्यांना छान वाटते, पण एकदम भरायला एकरकमी पैसे लागतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला स्वस्त आणि ज्याच्याकडे नाहीत तो दर वेळी तिकीट काढून महाग, उलटीच सवलत झाली ही. शिवाय पासवाले येतात तरी किती? स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर यांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या नोंदी बघितल्या होत्या, २००६ मध्ये ते छापून आलं, तर मंथली मेंबर लोकांना एका भेटीमागे सरासरी १७ डॉलरच्या वर पडत होते आणि तिथेच १० भेटींचा पास घेतला असता तर भेटीला १० डॉलर पडले असते. खाजगी जिमला असे न येणारे मेंबर परवडतात. पण शहराने ज्याला लोकांच्या तब्येतीसाठी तलाव चालवायचाय त्याने न येणाऱ्यांच्या पैशावर का चालवावा? त्यापेक्षा लंडनच्या बस आणि भुयारी रेल्वेच्या कार्डावर २००५ पासून जशी कमाल मर्यादा असते, ठरावीक रकमेपर्यंत कापले जातात आणि त्यानंतर त्या दिवशीचा पुढचा प्रवास फुकट, तसं तलावाला महिन्यासाठी करा. सुट्टं तिकीट काढत राहा, महिन्याच्या पासाएवढे पैसे झाले की पुढे त्या महिन्यात काही नाही. कोणाला आधी पैसे अडकवायला नकोत आणि जो जास्त येईल त्याचा फायदा.

फी वाढवूच नका असं मी म्हणत नाहीये. उलट वर्षानुवर्षं मतांसाठी एक पैसा न वाढवता ठेवायचं, तोवर टाइल्स उखडतात, शॉवर बंद पडतात, आणि मग एक दिवस ठेकेदार आणून एकदम दुप्पट करायची, हे सगळ्यात वाईट. दरवर्षी महागाईएवढी थोडी थोडी वाढ कोणाला फारशी जाणवतही नाही. फक्त जमलेली फी तलावाच्याच दुरुस्तीला लागते की मोठ्या तिजोरीत जाऊन गडप होते ते लोकांना कळू द्या, आणि त्याच्या उलटंही सांभाळा, म्हणजे फी जर त्याच केंद्राकडे राहणार असेल तर तिथल्या मॅनेजरला पैसेवाल्या बॅचेस वाढवायचा मोह होणारच.

संपादकसाहेब, आपल्या बातमीदारांना एक विनंती. फीवाढीची बातमी करताना जुना दर नवीन दर एवढाच तक्ता न देता तीन गोष्टी मागून घ्या: कुठल्या वेळेला किती जागा रिकाम्या असतात, कुठल्या बॅचला वेटिंग आहे, आणि सवलतीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कागद अपुरे म्हणून परत पाठवले. पहिले दोन आकडे गेटवरच्या रजिस्टरमधून अर्ध्या तासात निघतात. तिसरा मिळायला वेळ लागेल, कारण परत पाठवलेले अर्ज कोणी मोजत नाही, पण माहितीच्या अधिकारात मागितला तर कोणाला तरी बसून मोजावाच लागेल.

आपला,
एक नियमित वाचक